ज्या हातांनी हुकूम सोडले, त्यांच्या सह्या

प्रश्न : माझ्या वडिलांनी आयुष्यभर लेखक, गायक आणि शास्त्रज्ञ यांच्या स्वाक्षऱ्या जमवल्या. ते गेल्यानंतर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या आणि त्या चाळता चाळता मलाही या छंदाची गोडी लागली. मात्र गेली दोन वर्षे माझे लक्ष इतिहासातल्या कुप्रसिद्ध माणसांकडे, म्हणजे हुकूमशहा, मारेकरी आणि कटवाले यांच्या स्वाक्षऱ्यांकडे वळले आहे. सध्या एका विक्रेत्याने हिटलरची सही असलेले एक छायाचित्र मला देऊ केले आहे. सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र आहे आणि दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याने दहा दिवसांत निर्णय कळवावा, असे त्याचे म्हणणे आहे. माझी पत्नी म्हणते की ही वस्तू घरात आली तर ती त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. बारा वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, वाईट माणसाची सही आपण कशाला घ्यायची?” मला तिला नीट उत्तर देता आले नाही. सही खरी आहे हे कसे ओळखावे आणि हा छंद मुळात करावा की नाही, याविषयी सल्ला द्यावा.

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पण दहा दिवसांची मुदत समोर असल्यामुळे आधी छायाचित्राचे सांगतो. ते घेऊ नका. प्रमाणपत्र कितीही देखणे असले, त्यावर सोनेरी शिक्का असला, तरी आज ज्या माहितीवर आपण निर्णय घेणार आहात, त्या माहितीवर तो कागद घेणे योग्य नाही.

यामागचे पहिले कारण असे की विसाव्या शतकातल्या ज्या सह्यांची सर्वांत जास्त नक्कल झाली, त्यांत हिटलरची सही फार वरची आहे. त्याच्या हयातीतच त्याची सही छापलेली छायाचित्रे आणि मानपत्रे मोठ्या संख्येने वाटली गेली. त्यामुळे फसवण्याचा कोणाचाही हेतू नसतानासुद्धा छापील सही अस्सल समजून पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, असे अनेक घरांत घडले आहे. युद्धानंतर हेतुपुरस्सर नकला करणारे आले. त्यांच्यातला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे कोनराड कुयाऊ, आणि त्याची कथा प्रत्येक संग्राहकाने नीट समजून घ्यायला हवी.

एप्रिल १९८३मध्ये ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या खासगी रोजनिशा सापडल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात त्या कुयाऊने लिहिलेल्या होत्या. साठाच्या आसपास वह्यांसाठी त्यांनी ९३ लाख मार्क मोजले होते. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या लिखाणाला अस्सल ठरवले होते आणि एका नामवंत ब्रिटिश इतिहासकाराने आधी त्याला दुजोराही दिला होता. पुढे मे महिन्याच्या सुरुवातीलाच जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराने तपासणीचा निष्कर्ष सांगितला की कागदात जे पांढरेपणा आणणारे रसायन आहे, ते युद्धानंतरच्या काळातले आहे आणि वह्यांच्या बांधणीतही त्या काळाशी न जुळणारे कृत्रिम धागे आहेत. वह्यांवर चिकटवलेली जुन्या जर्मन वळणाची आद्याक्षरे तर ‘ए एच’ नसून ‘एफ एच’ होती, कारण त्या वळणात ही दोन अक्षरे सारखी दिसतात आणि कुयाऊची गफलत झाली होती. १९८५मध्ये कुयाऊला आणि त्या वह्या साप्ताहिकापर्यंत पोहोचवणाऱ्या पत्रकाराला, दोघांनाही चार वर्षांहून अधिक कारावास झाला.

मात्र मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हस्ताक्षरतज्ज्ञ काही अडाणी नव्हते, त्यांनी प्रामाणिकपणे अक्षरे ताडून पाहिली होती. पण तुलनेसाठी ‘अस्सल नमुने’ म्हणून जे कागद त्यांच्या हाती देण्यात आले, त्यांतही कुयाऊनेच तयार केलेले कागद मिसळलेले होते. कुयाऊचे अक्षर कुयाऊच्याच अक्षराशी जुळले, आणि जुळले म्हणून ते हिटलरचे ठरले. आपल्या विक्रेत्याचे प्रमाणपत्र वाचताना हे डोळ्यांसमोर ठेवा. ते देणाऱ्याने ही सही कोणत्या नमुन्याशी ताडली, तो नमुना कोणत्या संग्रहात आहे, त्यावर तारीख कोणती आहे, हे त्यात लिहिलेले आहे का? बहुधा नसेल. ‘आमच्या मते ही सही अस्सल आहे’ एवढे एक वाक्य आणि खाली आणखी एक सही असेल. ते एक मत झाले, त्याला पुरावा म्हणता येत नाही.

तारखेचा मुद्दा मी मुद्दाम काढला. माणसाची सही आयुष्यभर एकसारखी राहत नाही, आणि सत्ता, आजार, घाई, भीती यांतून गेलेल्या माणसाची तर नाहीच नाही. हिटलरच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या सहीत अक्षरे वाचता येतात. अखेरच्या वर्षांत ती आवळून, उजवीकडे खाली घसरत जाणारा एक गुंता होते. त्यामुळे १९३२च्या छायाचित्रावर १९४४च्या वळणाची सही दिसली, की तेथेच थांबावे. नकला करणाऱ्याकडे बहुतेकदा एकच नमुना असतो आणि तो गिरवून तो सर्व वर्षांचे कागद भरतो.

या बदलाचे मी पाहिलेले सर्वांत विदारक उदाहरण इंग्लंडमधले आहे. नोव्हेंबर १६०५मध्ये पार्लमेंट उडवून देण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला. ६ नोव्हेंबरला राजा जेम्सने त्याच्या छळाची लेखी परवानगी दिली. आधी सौम्य प्रकार वापरावेत आणि मग पायरीपायरीने वाढवत न्यावे, असे त्या परवानगीत शब्द आहेत. ९ नोव्हेंबरच्या कबुलीजबाबाखाली ‘गिदो’ (‘गाय’ या नावाचेच दुसरे रूप) एवढेच नाव आहे, पुसट, थरथरते, जणू कागदावर लेखणी नीट टेकवताच आली नाही असे. आडनाव नाहीच. नंतरच्या दुसऱ्या एका जबाबाखाली ‘गिदो फॉक्स’ अशी पूर्ण सही आहे, हात सावरलेला आहे. हे कागद आज ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा कोणालाही पाहता येतात. त्या दोन सह्या शेजारी ठेवून पाहा. राजाची परवानगी आणि पहिली सही यांच्या मधल्या दिवसांत त्या खोलीत काय झाले, याचे वर्णन कोणीही लिहून ठेवलेले नसले तरी ते त्या शाईत उतरलेले आहे.

दुसरे असेच उदाहरण पॅरिसचे. २७ जुलै १७९४च्या रात्री फ्रेंच राज्यक्रांतीचा नेता रोब्सपियर आणि त्याचे साथीदार नगरभवनात अडकले असताना त्यांनी आपल्या विभागाला मदतीसाठी हाक देणारा एक कागद लिहिला. त्याच्या खाली इतरांच्या सह्या आहेत आणि मग फक्त दोन अक्षरे, ‘रो’. पुढे काही नाही, खाली डाग आहेत. सही करता करताच सैनिक आत शिरले आणि ते डाग रक्ताचे आहेत, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अभ्यासकांमध्ये त्यावर आजही वाद आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा शिरच्छेद झाला, हे मात्र निर्विवाद आहे. ज्याने इतरांच्या अटकेच्या हुकुमांवर सह्या केल्या, त्याची स्वतःची शेवटची सही अपुरी राहिली. कार्नाव्हाले संग्रहालयात असलेला तो कागद विकत मिळणे शक्य नाही आणि मिळू नयेही, पण सही म्हणजे काय असू शकते, हे कळण्यासाठी तो पाहावा.

आता दुर्मिळतेविषयी. माणूस ‘कुप्रसिद्ध’ म्हणजे त्याची सही ‘दुर्मिळ’, असे अनेक संग्राहकांना वाटते. या दोहोंचा संबंध इतका सरळ नाही. लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ हा त्या काळचा लोकप्रिय नट होता, म्हणजे त्याने सह्या भरपूर केल्या असणार. पण १४ एप्रिल १८६५च्या रात्रीनंतर त्याचे एखादे पत्र घरात सापडणे म्हणजे कटात ओढले जाणे, अशी परिस्थिती निर्माण झाली आणि भीतीपोटी किंवा संतापापोटी लोकांनी त्याचे कागद नष्ट केले. म्हणून ते आज विरळा आहेत. याउलट डोनिट्झ आणि श्पेअर हे नाझी राजवटीतले दोघेजण शिक्षा भोगून बाहेर आले, १९८०-८१पर्यंत जगले आणि टपालाने सही मागणाऱ्यांना सह्या देत राहिले. न्यूरेंबर्गच्या तुरुंगात तर पहाऱ्यावरच्या अमेरिकी सैनिकांनी आरोपींच्या सह्या घेतल्या होत्या. तेव्हा एखादा विक्रेता श्पेअरची सही ‘अतिशय दुर्मिळ’ म्हणून पुढे करत असेल, तर त्याला आपला माल माहीत नाही किंवा आपले गिऱ्हाईक त्याने पुरते ओळखले आहे. एखाद्याची सही विरळा का आहे, याचे ऐतिहासिक कारण सांगता आले पाहिजे. तो लिहायला फारसा शिकला नव्हता, तरुणपणीच मेला, त्याचे कागद जाळले गेले, किंवा त्याचे सारे दप्तर सरकारजमा झाले, असे काहीतरी. रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुतिन या साधूच्या चिठ्ठ्या ओळखू येतात त्या त्याच्या अडाणी, अशुद्ध रशियन लेखनावरून आणि माथ्यावर काढलेल्या क्रुसावरून. त्याच्या नावावर सफाईदार अक्षरातले लांबलचक पत्र कोणी आणले, तर हात जोडावेत.

आपल्या मनाची ओढच आपल्याला कशी फसवते, याबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधला एक खटला सांगतो. मिशेल शाल हे पहिल्या प्रतीचे गणिती होते. व्रँ-ल्युका नावाच्या माणसाने त्यांना काही वर्षांत २७ हजारांहून अधिक पत्रे विकली. जुन्या पुस्तकांतली कोरी पाने काढून तो त्यांवर लिहीत असे. सुरुवात फ्रेंच थोरांच्या पत्रांनी झाली आणि शाल विश्वास ठेवतात हे दिसल्यावर त्याची भीड चेपत गेली. शेवटी क्लिओपात्रा, मेरी मॅग्डालेन आणि येशूला पकडून देणारा जुडास यांची पत्रे आली, तीही फ्रेंच भाषेत. १८७०मध्ये व्रँ-ल्युकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. शाल यांच्यासारख्या बुद्धिमान माणसाला हे कसे दिसले नाही, असे आज कोणालाही वाटेल. मला मात्र ते समजू शकते. ज्याला एखादी वस्तू फार हवी असते, तो ती खोटी ठरेल असे प्रश्न विचारायचेच टाळतो.

मी स्वतः हे केले आहे. या छंदात पडून दोनतीन वर्षे झाली असताना एका विक्रेत्याकडून मी एका हुकूमशहाच्या सहीचे नियुक्तीपत्र घेतले. कागद त्या काळचाच होता, मजकूर टंकलिखित होता, मोहोर ठसठशीत होती. मी सहा वर्षे ते जपले. मग एका लिलावाच्या सूचीत दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नियुक्तीपत्राचे छायाचित्र पाहिले आणि त्यावरची सही माझ्या कागदावरच्या सहीशी रेघेला रेघ जुळली. शेवटच्या फटकाऱ्यातली बारीकशी खोच देखील तीच. कोणाचीही दोन वेळा केलेली सही इतकी तंतोतंत सारखी नसते. तेव्हा कुठे मी भिंग काढले. रेघेच्या दोन्ही कडांना शाई गडद साचली होती आणि मधला भाग फिका होता, जेथे एक रेघ दुसरीवरून जाते तेथे वरची-खालची असा भेदच नव्हता, आणि कागद तिरपा धरला तर टाकाच्या टोकाचा दाब कोठेही उमटलेला दिसत नव्हता. तो शिक्का होता. कागद अस्सल, सही रबराची. त्या विक्रेत्याने मला फसवले की त्यालाही कळले नव्हते, हे मला सांगता येणार नाही, पण भिंग माझ्या टेबलाच्या खणात सहाही वर्षे पडून होते.

म्हणून आपण एक चांगले भिंग आणि अतिनील प्रकाशाचा एक छोटा दिवा आधी घ्या, सही नंतर. अतिनील प्रकाशात जुना कागद मंद दिसतो आणि युद्धानंतरच्या कागदातले उजळपणाचे रसायन निळसर पांढरे चमकते. बॉलपेन १९४५नंतरच बाजारात रुळले, त्यामुळे त्याआधीच्या तारखेखाली बॉलपेनची सही दिसली तर पुढे काही तपासायला नको. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रचारात आला, त्याआधीचा कागद चिंध्यांचा आणि म्हणून अजूनही चिवट असतो. उजेडासमोर धरल्यावर दिसणारे जलचिन्ह कधीकधी गिरणीचे नावच सांगून जाते. नक्कल करणाऱ्याचा हात हळू चालतो. त्यामुळे रेघ सगळीकडे सारख्या जाडीची होते, वळणावर बारीक कापरे येते, लेखणी मध्येच उचलून पुन्हा टेकवल्याच्या खुणा राहतात. स्वतःची सही करणारा माणूस अक्षरांकडे पाहतही नसतो आणि रेघ सुरू होण्याआधी व संपल्यानंतरही हात हवेत चालूच असतो, म्हणून तिची टोके निमुळती असतात.

एवढे करूनही निष्णात कारागीर निसटू शकतो. अमेरिकेतल्या मार्क हॉफमनने जुन्या कृतीने शाई बनवली, जुना कागद मिळवला, आणि मोठमोठ्या तज्ज्ञांकडून कागद अस्सल ठरवून घेतले. बिंग फुटू लागल्यावर त्याने ऑक्टोबर १९८५मध्ये बॉम्ब ठेवून दोन माणसांचा जीव घेतला. त्यानंतरच्या तपासात सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की त्याच्या कागदांवरच्या शाईला सुसरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या आहेत, कारण ती रसायनांनी घाईघाईने जुनी केलेली होती. बनावट सह्यांचा धंदा म्हणजे एक निरुपद्रवी लबाडी, असे जे लोक समजतात त्यांना मी ही दोन माणसे आठवायला सांगतो.

प्रयोगशाळेपेक्षाही माझा भरवसा कागदाच्या मालकीच्या साखळीवर जास्त आहे. तो कागद मूळ कोणाला लिहिला गेला, त्याच्याकडून कोणाकडे गेला, कोणत्या वर्षी कोणत्या लिलावात आला, त्या सूचीत त्याचे चित्र आहे का, मध्ये किती वर्षांची पोकळी आहे, हे विचारा. ‘एका सैनिकाच्या कुटुंबाकडून’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणता सैनिक, कोणती तुकडी, तो त्या वेळी त्या शहरात होता का, हेही कळायला हवे. अस्सल साखळी असलेला विक्रेता असे प्रश्न ऐकून खुलतो. या चौकशीतून आणखी एक गोष्ट साधते. सरकारी दप्तरातून चोरलेले कागद बाजारात येतात आणि ते कितीही हातांतून फिरलेले असले तरी अभिलेखागार त्यांवर हक्क सांगू शकते. कागदावर जुना दप्तर क्रमांक खोडलेला दिसला किंवा शिक्क्याच्या जागी कोपरा कापलेला दिसला, तर तो कागद ज्या दप्तराचा असेल तेथे कळवणे हे संग्राहकाचे काम आहे. कायद्याचेही पाहून घ्या. जर्मनीत नाझी चिन्हांच्या सार्वजनिक वापराला बंदी आहे आणि संशोधन, शिक्षण, कला अशा कारणांपुरतीच तिला सवलत आहे. २००१मध्ये ईबे या इंटरनेटवरच्या लिलावाच्या संकेतस्थळाने नाझी वस्तू आणि कुख्यात खुन्यांच्या वस्तू यांची विक्री बंद केली. आपल्याकडे येणारी वस्तू कोणत्या देशातून निघते, वाटेत कोठे थांबते आणि तेथे काय चालते, हे आधी ठाऊक हवे.

आता आपल्या पत्नीच्या म्हणण्याकडे येतो. आपण पत्रात तो भाग थोडक्यात उरकला आहे. मला मात्र त्यात आपल्या छंदाची खरी कसोटी दिसते.

हे छायाचित्र कसे तयार झाले, याचा विचार करा. ती सही खरी आहे असेही धरून चालू. एका लोकप्रिय नेत्याने चाहत्याला खूश करण्यासाठी आपल्या देखण्या छायाचित्रावर नाव लिहिले. त्या कागदात त्याने केलेले काहीही नाही. छायाचित्र तेव्हाही भक्तीसाठी बनले होते आणि आज ते चौकटीत लावले तरी भिंतीवर तेच काम करत राहील, मग घेणाऱ्याच्या मनात भक्ती असो वा नसो. आपल्या पत्नीला त्या खोलीत जावेसे वाटत नाही, ते यामुळेच असावे असे मला वाटते, आणि त्यांचे म्हणणे मला योग्य वाटते.

याच्या शेजारी ५ मार्च १९४०चे एक टिपण ठेवून पाहा. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने ते स्टालिनला पाठवले होते. बंदिवासात असलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांना आणि नागरिकांना गोळ्या घालाव्यात, असा त्यात प्रस्ताव आहे. पहिल्या पानावर टंकलिखित मजकुराच्या अंगावरून तिरपी स्टालिनची सही गेली आहे, तिच्याखाली व्होरोशिलोव्ह, मोलोटोव्ह आणि मिकोयान या त्याच्या सहकाऱ्यांच्या सह्या आहेत, आणि समासात आणखी दोघांची संमती दुसऱ्या हाताने टिपलेली आहे. सोव्हिएत दप्तरातल्याच नंतरच्या एका टिपणानुसार या निर्णयाने २१,८५७ माणसे मारली गेली. जवळपास पन्नास वर्षे ते सरकार हे जर्मनांचे कृत्य असल्याचे सांगत राहिले. १९९२मध्ये तो कागद प्रसिद्ध झाला आणि त्या चार सह्यांनी तो विषय मिटवला. मराठीत आपण ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द किती सहज वापरतो! तेथे तो शब्दशः घडलेला दिसतो. छायाचित्रावरची सही आणि या टिपणावरची सही यांत जो फरक आहे, त्या फरकावर आपला संग्रह उभा राहावा, असे मला मनापासून वाटते. नुसती सही घेऊ नका, कागद घ्या. सही करणाऱ्याने त्या सहीने काय केले हे ज्या कागदावर वाचता येते, तो कागद संग्रहात ठेवण्याजोगा. एखादा अटकेचा हुकूम, मालमत्ता जप्तीची नोटीस, दयेचा अर्ज फेटाळल्याचा शेरा. त्यावर दुसऱ्या कोणाचे तरी नाव असते, आणि ते नाव शोधत जाणे हे आपल्या संग्रहाचे अर्धे काम असायला हवे.

एका बाबतीत मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. जे खुनी अजून हयात आहेत किंवा ज्यांनी मारलेल्या माणसांचे आईवडील, मुले, भावंडे हयात आहेत, त्यांच्या सह्या आणि पत्रे घेऊ नका. तुरुंगातून बाहेर येणाऱ्या अशा वस्तूंचा बाजार आहे आणि त्यातला प्रत्येक व्यवहार त्या कुटुंबांना पुन्हा त्याच दिवसापाशी नेऊन उभा करतो. इतिहास म्हणावे इतके अंतर तेथे अजून पडलेले नाही.

कागद घरात आल्यावर तो भिंतीवर लावू नये. यामागे भावनेइतकेच व्यवहाराचेही कारण आहे, कारण उजेडाने शाई विटते आणि ती पुन्हा कशानेही परत येत नाही. आम्लरहित पाकिटात, सपाट, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. चिकटपट्टी, प्लास्टिकचा मुलामा, डिंक यांतले काहीही त्याला लावू नका. लोखंडी शाईने लिहिलेला जुना कागद असेल तर तो दमट हवेत शाईच्याच रेघांवर करपून फाटतो, म्हणून त्यावर विशेष लक्ष ठेवा. प्रत्येक कागदाबरोबर एक टिपण ठेवा, त्यात मालकीची साखळी, तपासणीचा तपशील, आणि त्या कागदामुळे ज्याचे आयुष्य बदलले त्याची जी माहिती मिळेल ती लिहा. आपल्या वडिलांच्या वह्यांच्या कपाटात हे कागद मिसळू नका. त्यांनी ज्यांच्या सह्या घेतल्या, त्यांच्यासमोर ते आदराने उभे राहिले असतील. या कागदांशी आपले नाते वेगळे आहे, तेव्हा जागाही वेगळी असावी, आणि ती जागा कोणती हे पत्नीशी बोलून ठरवा.

मुलीला उत्तर देण्याआधी तिला गाय फॉक्सच्या त्या दोन सह्यांची चित्रे दाखवा. हा माणूस राजासकट शेकडो लोकांना मारायला निघाला होता, हेही सांगा आणि मग राजाने त्याच्या छळाचा हुकूम काढला, हेही सांगा. कोणाचे वाईट वाटते ते तिला विचारा. बारा वर्षांची मुलगी या प्रश्नावर थोडा वेळ गप्प बसेल, नंतर आणखी चार प्रश्न विचारील, आणि त्यांतल्या काहींची उत्तरे आपल्याला शोधावी लागतील.

विक्रेत्याला आजच कळवा की दहा दिवसांची मुदत आपल्याला मान्य नाही. त्याच्याकडून छायाचित्राच्या मागच्या बाजूचे स्पष्ट चित्र, सहीचे मोठे करून काढलेले चित्र, आधीच्या मालकांची तारीखवार माहिती आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने वापरलेले नमुने मागा. दुसरे गिऱ्हाईक खरोखर तयार असेल, तर त्याला ते घेऊ द्या. आणि जर ही सारी माहिती आली, तर छायाचित्र न घेताही ती मला अवश्य पाठवा, विशेषतः मागची बाजू. छायाचित्रकाराचा शिक्का, छपाईचा क्रमांक, कोणीतरी पेन्सिलीने केलेली नोंद, असे बरेच काही तेथे असते आणि विक्रेते ती बाजू क्वचितच दाखवतात.